आधी छेद मागव

पुणे

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

टोकियोला जायचं नक्की झालं हे वाचून फार बरं वाटलं. मेटाबोलिस्टांची, म्हणजे इमारती आणि शहरं सजीवासारखी वाढावीत-बदलावीत असं मानणाऱ्या १९६० च्या सुमाराच्या जपानी वास्तुविशारदांची, मूळ ड्रॉइंग बघायची म्हणून तू चाललायस आणि हाताशी दिवस मोजकेच आहेत, तेव्हा महत्त्वाचं आधी सांगतो. गाजलेले फोटो आणि पर्स्पेक्टिव्ह बघण्यात पहिला दिवस घालवू नकोस. ते पुस्तकांत आहेत आणि उत्तम छापलेले आहेत. तू भिंतीचे छेद मागव, म्हणजे भिंत उभी कापून आतलं दाखवणारी ड्रॉइंग. उद्याच्या शहराची ती स्वप्नं कुठे उभी राहिली आणि कुठे अडली, हे छेदात दिसतं.

टोकियोतला नाकागिन कॅप्सूल टॉवरच घे. किशो कुरोकावांची इमारत, १९७२ साली पूर्ण झालेली. ११ आणि १३ मजल्यांचे दोन काँक्रीटचे गाभे, त्यांत जिने, लिफ्ट आणि पाइप, आणि बाहेरून अडकवलेल्या १४० कॅप्सूल, म्हणजे एकेका खोलीचे तयार डबे. एक कॅप्सूल आतून २.३ मीटर रुंद, ३.८ मीटर लांब, २.१ मीटर उंच. एका टोकाला १.३ मीटर व्यासाची गोल खिडकी. प्रत्येक कॅप्सूल गाभ्याला फक्त चार हाय-टेन्शन बोल्टांनी धरलेली. पंचवीस वर्षांनी जुनी काढायची, नवी लावायची, असा मूळ विचार. प्रत्यक्षात एकही बदलली गेली नाही, आणि २०२२ मध्ये इमारत उतरवली.

असं का झालं, हे समजायला गाभा आणि कॅप्सूल यांच्या सांध्याचा छेद समोर हवा. बोल्ट चारच, म्हणून काढणं सोपं असेल असं प्लॅन बघून वाटतं. छेदात वरची कॅप्सूल खालचीच्या डोक्यावर किती जवळ आलीय ते बघ. क्रेनने एक कॅप्सूल उचलायची तर तिच्या वरच्या सगळ्या आधी काढाव्या लागतात. दुसरी गोष्ट, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप गाभा आणि कॅप्सूल यांच्यामधल्या अरुंद फटीतून जातात. तिथे प्लंबरचा हात नीट पोचत नाही, त्यामुळे गळती सुरू झाली की ती मुळापासून दुरुस्त होत नाही. तिसरी अडचण ॲसबेस्टॉसची: पोलादी सांगाड्यावर ते फवारलेलं होतं, म्हणून साधी भिंत उघडायची तरी सगळा बंदोबस्त करावा लागायचा. चौथी अडचण मात्र कुठल्याच ड्रॉइंगवर सापडणार नाही. कॅप्सूलचे मालक वेगवेगळे होते. माझ्या खालच्या कॅप्सूलसाठी माझी कॅप्सूल उतरवायची म्हटल्यावर मी कशाला हो म्हणेन? म्हणून ड्रॉइंगांबरोबर विक्रीची माहितीपत्रकं, मालकसंघाची कागदपत्रं, दुरुस्तीचे हिशेब असं जे असेल ते माग. वास्तुरचनेच्या संग्रहांत हे कागद बहुधा सगळ्यात तळाच्या खोक्यात असतात, आणि मला विचारशील तर तेच सगळ्यात बोलके.

उतरवताना २३ कॅप्सूल वाचवल्या आणि त्यांतल्या काही संग्रहालयांत गेल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे मोमामध्ये, आहे तिचा क्रमांक ए-१३०५, म्हणजे ए टॉवर, तेरावा मजला, पाचवी. हा क्रमांक लक्षात ठेव, कारण ड्रॉइंगवरही कॅप्सूल मजला आणि जागेनुसारच ओळखायच्या असतात. टोकियोच्या जवळच, साइतामाच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत, एक कॅप्सूल ठेवलेली आहे. ते संग्रहालयही कुरोकावांचंच. ड्रॉइंग बघण्याआधी तिथे जाऊन ये. २.३ मीटर रुंदी कागदावर एक वाटते आणि दारात उभं राहिल्यावर दुसरीच.

आता कुठे काय आहे ते. युशिमाला आधुनिक वास्तुरचनेचा राष्ट्रीय अभिलेख संग्रह आहे, २०१३ मध्ये सुरू झालेला, सरकारच्या सांस्कृतिक विभागाचा. मेटाबोलिस्टांपैकीच कियोनोरी किकुताके, त्यांच्या ड्रॉइंगांसाठी तिथेच जायचं. कानाझावाच्या तंत्रज्ञान संस्थेत जपानी वास्तुविशारदांच्या संघटनेबरोबर उभा केलेला संग्रह आहे. मेटाबोलिस्टांचे मार्गदर्शक केन्झो टांगे, त्यांचा मोठा संग्रह मात्र जपानमध्ये नाही. त्यांच्या पत्नी ताकाको टांगे यांनी तो २०११ मध्ये हार्वर्डला दिला, म्हणून टांगेंसाठी तुला अमेरिकेशीच पत्रव्यवहार करावा लागेल. पॅरिसच्या पाँपिदू संग्रहालयातही कुरोकावा आणि किकुताके यांचं काम आहे. एकाच प्रकल्पाचे कागद तीन देशांत विखुरलेले सापडले तर गोंधळू नकोस. जपानमध्ये असे संग्रह सरकारी पातळीवर उभे राहायला उशीर झाला, आणि तोवर बरंच काही बाहेर गेलं होतं.

यादीत शोधताना दोन ठिकाणी हमखास चुकतं. पहिलं नाव. कुरोकावांचं नाव लिहायची जी दोन अक्षरं, तीच ‘नोरिआकी’ अशीही वाचली जातात. सुरुवातीच्या कागदांवर आणि परदेशी याद्यांत त्यांची नोंद नोरिआकी कुरोकावा अशी मिळते. दोन्ही नावांनी शोध, आणि आडनाव आधी लिहून एकदा, नंतर लिहून एकदा. दुसरं साल. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘३५.१०.१२’ असं दिसलं तर ते शोवा ३५ आहे, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं जपानी साल. शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवायचे, म्हणजे १२ ऑक्टोबर १९६०. शोवा ४७ म्हणजे १९७२. यादी करणाऱ्यानं हे ३५ कधी १९३५ समजून टाकलेलं असतं, आणि मग एखादा मेटाबोलिस्ट कागद युद्धाआधीच्या खोक्यात जाऊन पडतो.

ड्रॉइंगांच्या नावांपैकी एवढी पाठ कर: हेइमेनझु म्हणजे प्लॅन, रित्सुमेनझु म्हणजे एलेव्हेशन, दानमेनझु म्हणजे सेक्शन, शोसाइझु म्हणजे डिटेल. आणि सगळ्यात कामाचा शब्द कानाबाकारी. पायापासून छपरापर्यंत भिंत कापून दाखवणारा मोठ्या मापाचा छेद. मागणीपत्रावर हा शब्द लिहिलास की खिडकीमागचा माणूस तुला कामाचा माणूस समजेल.

आता कागदाबद्दल, आणि इथे जरा सावकाश वाच. मूळ ट्रेसिंगला ते गेनझु म्हणतात. त्यावरून काढलेल्या प्रतीला आओयाकी, शब्दशः ‘निळं भाजलेलं’. या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा असल्या तर ती खरी ब्लू प्रिंट, लोहक्षारांची. फिकट जमिनीवर निळ्या किंवा जांभळट रेषा असल्या तर ती डायझो, आपल्याकडची अमोनिया प्रिंट. साठच्या दशकातल्या कार्यालयांत तुला मुख्यतः हीच मिळेल. उजेडात दोन्ही फिक्या होतात. ब्लू प्रिंट अंधारात ठेवली की थोडीफार सावरते, डायझो गेली ती गेलीच. ब्लू प्रिंटला अल्कली चालत नाही, म्हणून संग्रहात सहसा वापरतात तो अल्कलीयुक्त ‘आम्लमुक्त’ कागद तिच्यासाठी घातक. तिला बफर, म्हणजे मुद्दाम घातलेली अल्कली, नसलेला कागद लागतो. डायझोतून रसायनं बाहेर पडत राहतात, म्हणून ती फोटो आणि इतर ड्रॉइंगांपासून वेगळ्या फोल्डरमध्ये हवी. एकाच फोल्डरात ट्रेसिंग, डायझो आणि फोटो एकावर एक दिसले, तर नम्रपणे तिथल्या माणसाला सांग. मनाला लावून घेणार नाहीत, उलट आभार मानतील.

तिसरा प्रकार दाइ-नि गेनझु, म्हणजे दुसरं मूळ. पारदर्शक कागदावर काढलेली, तपकिरी रेषांची डायझो. मूळ ट्रेसिंग खराब होऊ नये म्हणून हिच्यावर दुरुस्त्या करायच्या आणि हिच्यावरूनच पुढच्या प्रती काढायच्या. या सगळ्यात लवकर उडतात. मिळाल्या तर त्या आधी बघ.

प्रतींना ‘डुप्लिकेट’ म्हणून बाजूला सारू नकोस, हे मी कळकळीनं सांगतोय. ट्रेसिंगवर दुरुस्ती कशी व्हायची ते तुला माहीत आहे: अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायची, बोटानं कागद गुळगुळीत करायचा, वर नवी रेष मारायची. म्हणजे मूळ कागदावर फक्त शेवटचा निर्णय उरतो. आधीचे निर्णय त्या त्या तारखेला काढलेल्या प्रतींवर राहतात, शिवाय लाल पेन्सिलीनं इंजिनिअरनं किंवा कारखान्यानं लिहिलेले शेरे. एका शीटच्या तीन प्रती असतील तर तिन्ही शेजारी ठेव आणि दुरुस्तीचा रकाना जुळव. ट्रेसिंगवर तिरपा उजेड टाकायची परवानगी मिळाली तर छोटी एलईडी टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धर. खरवडलेल्या जागा खडबडीत दिसतात, कंपासच्या टोकाची भोकं दिसतात, आणि कुठली भिंत किती वेळा हलली ते चक्क मोजता येतं.

गुंडाळलेली शीट हातानं दाबून सपाट करू नकोस. जुना ट्रेसिंग पेपर ठिसूळ होतो आणि कडेनं चर्रकन फाटतो. वाळूच्या पिशव्यांसारखी मऊ वजनं ठेवून हळूहळू उलगड. कागद अडला तर तिथेच थांब आणि संग्रहातल्या माणसाला हाक मार. दमट हवेत ठेवून सैल करायचं काम त्यांचं, आणि डायझोला ते बहुतेक वेळा चालतही नाही, रंग पसरतो. कागदासाठी स्वच्छ कोरडे हात चांगले. सुती मोज्यांचे धागे फाटक्या कडेत अडकतात. फोटो आणि निगेटिव्हना मात्र नायट्राइलचे मोजे. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट फिल्म सडायला लागलीय असं समज. डबा बंद कर आणि कळव, ती शेजारच्या फिल्मलाही बिघडवते.

आता टांगेंचा टोकियो आराखडा, कारण तुझं खरं मन तिकडे आहे हे मला माहीत आहे. नाव ‘टोकियो आराखडा १९६०’, पण लोकांसमोर आला १ जानेवारी १९६१ ला, टीव्हीवर. त्यामुळे याद्यांत दोन्ही सालं सापडतील, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. शहर मध्यापासून गोल गोल वाढवायचं सोडून खाडीवरून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत सरळ रेषेत न्यायचं, हा त्याचा कणा. आपल्या डोळ्यांसमोर येतं ते चित्र मात्र मॉडेलचा फोटो आणि खाडीचा हवाई फोटो जोडून केलेलं आहे. मूळ फोटोप्रत मिळाली तर जोडाच्या कडा बघ, ब्रशनं भरलेले भाग बघ, आणि मागची बाजू तर नक्कीच. छापखान्यासाठी केलेल्या कापणीच्या खुणा तिथे असतात. चित्रात किनाऱ्याजवळचं काय कापून टाकलं, हे मला त्या आराखड्याबद्दलच्या बऱ्याच लेखांहून जास्त शिकवणारं वाटतं. कारण खाडीत उभं राहणारं शहर जुन्या शहराला जिथे टेकतं, तीच जागा सगळ्यात अवघड.

वास्तुविशारद अराता इसोझाकींचं १९६८ चं ‘पुन्हा उद्ध्वस्त हिरोशिमा’ मोमाकडे आहे. फोटोप्रतीवर दुसऱ्या फोटोचे कापलेले तुकडे, वर शाई आणि गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. चार वस्तू, आणि दमट हवेत प्रत्येकीचं आकसणं-फुगणं वेगळं. अशा कामाला उचलायला सांगू नकोस, आहे तिथेच वाकून बघ.

मॉडेलच्या लेबलवर दोन सालं आहेत का ते तपास. प्रकल्पाचं साल एक आणि मॉडेल बनवल्याचं साल दुसरं. त्या काळातली बरीच मॉडेल टिकली नाहीत, आणि प्रदर्शनांसाठी पुन्हा बनवलेली मॉडेल मूळ समजून लोक मापं घेत बसतात.

किकुताकेंचं स्काय हाउस, १९५८, विसरू नकोस. चार भिंतींवर उचललेली एकच चौकोनी खोली, आणि मुलं झाल्यावर तिच्या खाली टांगलेली मुलांची खोली, जी नंतर काढून टाकली. बदलत्या घराची कल्पना तिथे खरोखर चालली. मालक एक, निर्णय एक, आणि टांगलेल्या खोलीच्या खाली मोकळी जागा. नाकागिनच्या छेदाशेजारी हा छेद ठेवून बघ.

वेळ मिळाला तर एक धागा आपल्याकडचाही आहे. पेरूतल्या लिमामधल्या प्रायोगिक वस्तीच्या १९६९ च्या स्पर्धेत किकुताके, कुरोकावा आणि तिसरे मेटाबोलिस्ट फुमिहिको माकी यांनी मिळून घरं आखली, आणि त्याच स्पर्धेत आपले वास्तुविशारद चार्ल्स कोरियाही होते. चारच वर्षं आधी, १९६५ मध्ये, कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात मांडली होती. खाडी ओलांडून शहर न्यायचं हा प्रश्न टोकियोचा तसाच मुंबईचा. कोरियांची ड्रॉइंग २०१३ पासून लंडनला, ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेत आहेत. लिमाची दोन्ही उत्तरं कुणी एका टेबलावर ठेवलेली मला हवी आहेत, आणि ते तूच करावंस असं वाटतं.

स्कॅन मागवताना ए-१ शीट ४०० डीपीआयला, रंगीत, टिफमध्ये माग. एक फाइल साधारण ३७० एमबी होईल, तेव्हा हार्ड डिस्क मोठी ने. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये लाल शेरे आणि खरवडलेल्या जागा दोन्ही मरतात. प्रत्येक फाइलच्या नावात खोका, फोल्डर आणि शीट क्रमांक त्याच दिवशी घाल. आठवड्यानं बसून आठवणीनं घातलेले क्रमांक चुकतात. आत न्यायला पेन्सिल, टॉर्च आणि शोवा सालांचा एक छोटा तक्ता पुरे. पेन बाहेर ठेवायला लावतीलच.

पहिली कानाबाकारी हाती आली की क्रमांक कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध