देणगीचे कौतुक, देण्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत शोभा कंपनीचे संस्थापक पी. एन. सी. मेनन यांच्यावरचा लेख वाचला. खिशात पन्नास रुपये घेऊन १९७६ मध्ये ओमानला गेलेला केरळचा तरुण तिथे अंतर्गत सजावटीत नाव कमावतो, १९९५ मध्ये बंगळुरूत पत्नीच्या नावाने बांधकाम कंपनी काढतो आणि २०१३ मध्ये निम्मी संपत्ती दान करण्याचा शब्द देतो. कोणालाही आवडेल अशीच ही गोष्ट. माझ्या मात्र वेगळेच लक्षात राहिले. काचकाम, लाकूडकाम, काँक्रीटचे ठोकळे, इतकेच काय, गाद्यासुद्धा ही कंपनी स्वतः बनवते. बिघडले तर ठेकेदाराकडे बोट दाखवायची सोयच ठेवलेली नाही. पालक्काड जिल्ह्यातले त्यांच्या ट्रस्टचे कामही तसेच आहे. गावे मोजकी, पण तिथे शाळा, दवाखाना, वृद्धाश्रम. फीत कापली की संपणारी ही कामे नव्हेत, रोज चालवावी लागतात.

दानशूरपणाला आमच्या नाशकातही तोटा नाही. गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत फिरा. बाकड्यावर नाव, पाणपोईवर नाव, गणपतीच्या कमानीवर तर फोटोसकट. बाकडे उपयोगाचे आहे, मी रोज संध्याकाळी त्यावर टेकतो. (टेकल्यावर नाव पाठीमागे जाते, एवढेच.)

आमच्या १६ सदनिकांच्या सोसायटीचे बिल्डर दर जूनमध्ये गरजू मुलांना वह्या वाटतात. जाड पुठ्ठ्याच्या, दोनशे पानी, खरोखर चांगल्या. वाटप आमच्याच पार्किंगमध्ये होते आणि त्या पार्किंगखालची जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. सोसायटी नोंदली २०१२ साली. वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर नोंदणीपासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण करून द्यावे, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करावी, असे १९६३ च्या मोफा (महाराष्ट्राच्या सदनिका मालकी) कायद्याखालचे नियम सांगतात. विचारायला गेले की उत्तर ठरलेले : "काका, होऊन जाईल. तुमचं काम म्हणजे घरचं काम." घरचे काम असेच मागे पडते.

मानीव, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून होणाऱ्या, अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, हे ठाऊक आहे. पण प्रत्येकाचा करारनामा, सूची दोन (दस्त नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र अशी जमवाजमव करता करता निम्मी कमिटी थकली. तीन सदनिका मधल्या काळात विकल्या गेल्या, एक मालक दुबईत. उद्या पुनर्विकासाची वेळ आली, तर जमीन नावावर नसताना वाटाघाटीला बसायचे कोणत्या तोंडाने? वाढीव एफएसआयवर, म्हणजे त्या जमिनीवर मिळणाऱ्या जादा बांधकामावर, हक्क कोण सांगणार, हे तर शेंबडे पोरही सांगेल. दस्त का रखडतात, त्याचे उत्तरही बहुधा तिथेच आहे.

तेव्हा विनंती एवढीच. बांधकाम व्यावसायिकांवर लेख छापताना दानाचे आकडे जरूर छापा. शेजारी किती इमारती बांधल्या आणि त्यांपैकी किती सोसायट्यांच्या नावे जमीन करून दिली, हेही छापा. मेनन यांनाही हाच प्रश्न विचारायला हरकत नसावी.

यंदाच्या वहीवाटपाचे निमंत्रण आले आहे. बिल्डरसाहेबांचा सत्कार दरवर्षी सोसायटीच करते. यंदा शाल, श्रीफळ आणि अभिहस्तांतरणाच्या दस्ताचा मसुदा द्यायचा, असे कमिटीत ठरले आहे. पेनही आम्हीच नेणार आहोत.

आपला,
एक सदनिकाधारक
पाथर्डी फाटा, नाशिक