भाडे परवडते, डिपॉझिट बुडवते

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मुंबईतली घरभाडी वाढल्याच्या बातम्यांत आकडा असतो तो दरमहा भाड्याचा. कुर्ला, मानखुर्द, मालवणीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मात्र बहुधा डिपॉझिटने मोडतो. समजा, भाडे ८,००० आणि डिपॉझिट ५०,०००. त्यावर पहिल्या महिन्याचे भाडे, एजंटची एका भाड्याइतकी दलाली आणि टेम्पो. सामान आत ठेवण्याआधीच सत्तर हजारांच्या घरात खर्च जातो. अकरा महिन्यांनी खोली बदलायची वेळ आली की नव्या मालकाला डिपॉझिट चावी देण्याआधी हवे असते आणि जुना मालक ‘नवा भाडेकरू आला की देतो’ म्हणतो. मधल्या महिना-दोन महिन्यांपुरते म्हणून घेतलेले कर्ज मग वर्षभर फिटत नाही.

न फिटण्याचे कारण दरात आहे. गल्लीत व्याज ‘शेकडा दहा’ असे बोलले जाते आणि ते महिन्याचे असते. वर्षाचे झाले १२० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली बिगरशेती कर्जाला ठरलेला दर तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के, म्हणजे महिन्याला शेकडा दीड. पन्नास हजारांवर कायद्याने ७५० रुपये होतात, गल्लीत ५,००० घेतले जातात. सावकाराला व्याजावर व्याज लावता येत नाही आणि व्याजापोटी मुद्दलाहून अधिक रक्कम वसूल करता येत नाही. परवाना नसताना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार घ्यायची जबाबदारी सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाची आहे, पण तक्रार टिकत नाही याचे कारण बहुतेक वेळा एकच: सगळा व्यवहार रोखीत. हप्ता यूपीआयने द्यावा, शेऱ्यात ‘व्याज’ की ‘मुद्दल’ ते लिहावे. सावकार रोखच मागत असेल तर त्याच दिवशी वहीत तारीख-रक्कम लिहून त्याची सही घ्यावी. कोरा धनादेश मात्र देऊच नये. नुसते कर्ज थकले म्हणून पोलीस अटक करत नाहीत, पण धनादेश वटला नाही तर धनादेशांच्या कायद्याच्या (परक्राम्य संलेख अधिनियम) कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो.

रोजच्या वसुलीचे कर्ज त्याहून फसवे. १०,००० चे कर्ज, हातात ८,५००, मग रोज १०० रुपये, १०० दिवस. घेणाऱ्याला वाटते, १५ टक्केच तर गेले. पण मुद्दल दुसऱ्या दिवसापासून परत जात असते. सरासरी काढली तर शंभर दिवस वापरायला मिळतात जेमतेम सव्वाचार हजार. त्यावर १,५०० व्याज, म्हणजे वर्षाला १२० टक्क्यांच्या वरच. शेकडा दहाचाच हा सख्खा भाऊ.

ॲपवरून कर्ज घेताना आधी एकच पाहावे: पैसे देणाऱ्या बँकेचे किंवा वित्त कंपनीचे नाव दिसते का. दिसत नसेल तर घेऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे. नाव असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज मंजूर होण्याआधी सगळे शुल्क धरून वार्षिक दर दाखवणारे माहितीपत्रक मिळायला हवे. ॲपला फोनबुक आणि गॅलरी मागता येत नाही. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. तक्रार ॲपकडे न करता त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी करावी आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. गटातून मिळणाऱ्या सूक्ष्म कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, हे गटातल्या बायकांना सहसा कोणी सांगत नाही. जुने डिपॉझिट परत आले की ते आधी तिकडे भरावे.

सरकारी अनुदानाचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याच खात्यावर कर्जाचा आपोआप कापला जाणारा हप्ता असेल तर संजय गांधी निराधार योजनेचे किंवा लाडकी बहीणचे १,५०० रुपये जमा झाल्या दिवशीच गायब होतात. खात्यात पैसे नसतील तर हप्ता परत जातो आणि बँक व कर्जदाता दोघेही दंड लावतात. उपाय असा: जिथे आपले एकही कर्ज नाही अशा बँकेत शून्य शिलकीचे खाते उघडावे आणि आधार त्या खात्याला जोडून घ्यावे. केवायसीसाठी आधार दिले म्हणजे अनुदान तिथे वळले, असे होत नाही. अनुदान याच खात्यात हवे असे बँकेला वेगळ्या संमतिपत्राने कळवावे लागते. हप्ता परवडत नसेल तर नुसता उडू देऊ नये, कारण असा हप्ता परत गेल्यावरही खटल्याची तरतूद आहे. कर्जदात्याला लेखी कळवून मुदत वाढवून मागावी.

आता कराराकडे. नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद पुरे, असा समज मालक आणि एजंट दोघांनी पसरवला आहे. बारा महिन्यांखालील कराराला नोंदणी नको, हा सर्वसाधारण नोंदणी कायद्याचा नियम. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत करारच मागते. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. वरच्या उदाहरणात मुद्रांक शुल्क २५० च्या आसपास आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये. एजंटने पाच हजार सांगितले तर हे आकडे पुढे करावेत. करारात डिपॉझिटची रक्कम, ते कोणत्या तारखेला परत आणि कशापोटी किती कापता येईल, हे लिहून घ्यावे. ‘खोलीची झीज’ असा मोघम शब्द ठेवला की पूर्ण डिपॉझिट त्यात मुरते. याच करारावर खासगी शाळांतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी पत्त्याचा पुरावा मिळतो. तिथे नोटरीचा कागद चालत नाही. मुदत संपल्यावर नूतनीकरण न करता राहू नये, कारण कलम २४ खाली दुप्पट भाडे लागू शकते. झोपडपट्टीतल्या बहुतेक खोल्यांना नोंदणीचा मार्ग बंदच असतो, मालकाकडेच धड कागद नसतात. तिथे निदान डिपॉझिट आणि भाडे दोन्ही बँकेतून द्यावे. डिपॉझिट अडकले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे १५१०० वर, वकील मोफत मिळतो. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

विजेचे थोडक्यात. चार खोल्यांना एकच मीटर असेल तर सगळ्यांचे युनिट मिळून महाग टप्प्यात जातात आणि पोटमीटरवाला मालक सरसकट वरचा दर लावतो. स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क जागेत राहणाऱ्यालाही आहे. मालकाच्या ना-हरकतीअभावी भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

रेशन कार्ड गावचे असेल तर ते रद्द करून मुंबईत नवे काढायच्या नादी लागू नये. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो धान्य मुंबईतल्या दुकानातही अंगठ्यावर मोफत मिळते. कार्डावरच्या प्रत्येकाचे ई-केवायसी झालेले असावे. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचे तेवढे राहते. दुकानदाराने ‘बाहेरचे कार्ड’ म्हणून परत पाठवले तर १९६७ वर तक्रार नोंदवावी.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या जागेच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आहे. महाराष्ट्राने ती स्वीकारलेली नाही. सगळा कायदा नको असेल तर निदान हे एक कलम राज्याने १९९९ च्या अधिनियमात घालावे, आणि ऑनलाइन नोंदणीच्या अर्जात डिपॉझिट परत करण्याच्या तारखेचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढेच जाणार नाही अशी सोय करावी. दुसऱ्या कामाला विधिमंडळाची गरज नाही, मुद्रांक आणि नोंदणी विभागाचे एक परिपत्रक पुरेल.

आपले,
भाडेकरूंच्या कागदपत्रांचे काम करणारे काही कार्यकर्ते, कुर्ला