गोठ्यातल्या उजेडाबद्दल तात्यांना पत्र

श्री. तात्यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. चहा छान झालाय म्हणता, नाहीतर पाडीच्या दाव्याची चौकशी सुरू करता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं उघड. आपल्या संगमेश्वर तालुक्यात परड्यातले कितीतरी गोठे अजून मोबाईलच्या टॉर्चवर चालतात. तुम्ही आमच्याकडे काय केलंत आणि का केलंत, ते त्या घरांनाही कळावं असं मनापासून वाटतं.

आमचा गोठा घरापासून लांब, उताराखाली. मधे फणस, दोन माड आणि पावसाळ्यात भरून वाहणारा पऱ्या. सासूबाई वर्षानुवर्षं पहाटे कंदील घेऊन दूध काढायला उतरल्या. वर माळ्यावर पेंढा रचलेला आणि खाली पेटता कंदील, त्यामुळे त्यांचं अर्धं लक्ष धारेकडे आणि अर्धं कंदिलाकडे असायचं. पुढे रॉकेल मिळेनासं झालं आणि टॉर्च आली. टॉर्च धरायला दुसरं माणूस लागतं. म्हणजे एका गाईच्या दुधासाठी पहाटे दोघींनी उठायचं, आणि वाटेत फुरसं नाही ना हे बघत उतरायचं. फुरशाची भीती ज्याने आपल्याकडच्या चिऱ्याच्या गडग्यांतून पाऊस काढलाय त्यालाच कळते.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा. घरातून वायर ओढा, फणसाला बांधा, बल्ब लावा, तासाभराचं काम आहे. तुम्ही एकटे ठामपणे ‘नको’ म्हणालात, आणि नुसतं नको म्हणून थांबला नाहीत. अंगणात काठीने रेघा ओढून दाखवलंत. झाडाला बांधलेली वायर वाऱ्याने घासते, वरचं आवरण फाटतं, पाऊस लागला की करंट ओल्या जमिनीत उतरतो. जिथे उतरतो तिथपासून जसजसं लांब जावं तसतसा जमिनीतला विजेचा दाब कमी होतो. माणसाच्या दोन पावलांत अंतर थोडं, म्हणून दोन पायांमधला फरकही थोडा. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत मात्र चार-पाच फुटांचं अंतर, त्यात पायात चप्पल नाही आणि खाली मूत-पाण्याने भिजलेली जमीन. माणसाला झिणझिण्या येतील तिथे जनावर आडवं होतं. पावसाळ्यात गोठ्यात शॉक लागून गाय गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, पण माणसं वाचतात आणि जनावर का जातं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. वीज न्यायचीच असेल तर केबल पाइपातून जमिनीखालून न्या, नीट अर्थिंग करा आणि ३० मिलिअँपिअर करंट गळला की आपोआप वीज तोडणारा आरसीसीबी स्विच बसवा, हेही तुम्ही सांगितलंत. पण मधे पऱ्या. तिथे चर खणून दर पावसाळ्यात ती केबल शाबूत राहील का, याची खात्री तुम्हालाही नव्हती. म्हणून सोलर.

त्याआधी तुम्ही दिवसाचा अंधार घालवलात, याबद्दल तर मी जन्मभर ऋणी राहीन. आषाढात भर दुपारी आमच्या गोठ्यात गव्हाणीतलं गवत दिसायचं नाही. तुम्ही वर बघितलंत आणि म्हणालात, ‘याला वीज कशाला हवी, कौल बदला.’ आपली मंगलोरी कौलं, मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला तेव्हापासूनच्या घाटाची. त्याच मापाची काचेची कौलं मिळतात आणि मातीच्या कौलाच्या जागी तशीच्या तशी बसतात. दोन गव्हाणीवर, एक दाराशी. पत्र्याच्या पडवीत, जिथे वैरण कापतो, तिथे तुम्ही पाण्याची बाटली बसवलीत. पत्र्याला गोल भोक, त्यात दोन लिटरची पारदर्शक बाटली अर्धी वर अर्धी खाली, पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून टोपणभर ब्लीच, आणि कडेने सीलंट. ब्राझीलमधल्या उबेराबा शहरातल्या आल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकने २००२ च्या सुमारास, तिथे वीज जात होती तेव्हा, ही युक्ती शोधली, हे तुम्ही शिडीवरूनच सांगत होतात. उन्हाच्या दिवशी चाळीस-साठ वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड पडतो. सासूबाई त्या बाटलीखाली उभ्या राहून कितीतरी वेळ वर बघत होत्या.

मग रात्रीचा हिशोब. तुम्ही पॅनल कुठला घ्यायचा हे सांगितलंच नाहीत, आधी विचारलंत की उजेड लागतो कधी आणि किती वेळ. पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन तास, पाच-पाच वॅटचे दोन बल्ब: चाळीस वॅट-तास. रात्रभर दाराशी एक वॅटचा बारीक दिवा: आणखी दहा. रोजची गरज पन्नास. माझी मुलगी नववीत आहे, तिला तुम्ही हा गुणाकार करायला लावलात. बॅटरी १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची, लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे २५६ वॅट-तास. त्यातले ऐंशी टक्केच वापरायचे धरले तरी सूर्य अजिबात न दिसता चार दिवस निघतात. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते, म्हणून तीच गरज भागवायला ती दीडपटीहून मोठी लागली असती.

आणि पॅनल ७५ वॅटचा. दुकानदार म्हणत होता वीस वॅट भरपूर झाला. वैशाखात झालाच असता. पण गोठ्यात अंधार वैशाखात नसतो, तो मृगापासून पुढे असतो, आणि तेव्हाच पॅनल आपल्या ताकदीच्या पाचव्या हिश्शालाही कधी कधी पोचत नाही. ‘आषाढातल्या सगळ्यात वाईट आठवड्याचा हिशोब धरा, बाकीचं वर्ष आपोआप निभतं,’ हे तुमचं वाक्य आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे. बाजारातले तयार सोलर दिवे मे महिन्यात झगझगीत आणि जुलैत मिणमिणते का, याचं उत्तर त्यातच आहे. त्यांच्या डोक्यावरचा पॅनल तळहाताएवढा.

पॅनल गोठ्याच्या छपरावर न लावता पुढच्या मोकळ्या जागेत खांबावर लावलात, कारण फणसाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर जरी पडली तरी सगळ्या पॅनलची वीज घटते. तोंड दक्षिणेला, पण उतार बेताचा, पंधरा अंशांचा. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो, आणि ढगाळ दिवसात उजेड सगळ्या आभाळातून येतो, म्हणून पॅनल फार उभा नको. आणि अगदी आडवाही नको, नाहीतर पावसाने पाला धुऊन जाणार नाही.

तुमचं बारीक लक्ष मला सगळ्यात जास्त कशात दिसलं सांगू? बल्बच्या जागेत. तुम्ही सासूबाईंना दूध काढायला बसतात तसं बसवलंत आणि बल्ब हातात धरून भिंतीभर फिरवलात, त्यांच्या डोक्याची सावली कासेवर पडेनाशी होईपर्यंत. जिथे थांबलात तिथे खडूने खूण केलीत. शिंगं पोचणार नाहीत एवढी उंची. गव्हाणीच्या वर एकही बल्ब नाही, किडे गवतात पडू नयेत म्हणून. बल्बही पांढरे नाहीत, पिवळसर. त्यांच्यावर किडे कमी येतात, हे पहिल्या पावसातच दिसलं.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर अधिक (+) टोकाच्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज तुम्ही स्वतः बसवलात आणि तो काढून थेट जोडायचा नाही असं मुलीकडून वदवून घेतलंत. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून माणसं बेफिकीर राहतात, पण उंदराने वायर कुरतडून शॉर्ट झाली तर बॅटरी एका दमात एवढा करंट ओकते की वायर लाल होते, आणि वर पेंढा आहे. म्हणूनच सगळी वायर पाइपातून. ती जाडही घेतलीत, कारण तेवढ्याच वॅटला २३० व्होल्टच्या मानाने बारा व्होल्टवर जवळपास एकोणीसपट करंट वाहतो आणि बारीक वायर तो वाटेतच खाते. बॅटरीची पेटी गोठ्यात न ठेवता पडवीच्या बाहेरच्या भिंतीला लावलीत. मुताच्या अमोनियाने तांब्याची टोकं हिरवी पडतात, असं म्हणालात. टोकांना आम्ही व्हॅसलिन लावत असतो.

आता जे तुम्हाला फोनवर घाईत सांगितलं ते नीट सांगते. आषाढात, पाऊस कोसळत असताना, आमची गाय रात्री व्यायला लागली. वासरू नीट असेल तर पुढचे दोन्ही खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक असं दिसायला हवं, हे सासूबाईंना पक्कं माहीत. त्या रात्री नाक दिसत होतं आणि खूर एकच. दोन्ही बल्ब लावलेले, सगळं लख्ख दिसत होतं, म्हणून ते लगेच कळलं. त्यांनी गाईला जोर करू न देता शांत ठेवलं आणि मी डॉक्टरांना फोन केला. ते आले, आत हात घालून दुमडलेला पाय सरळ केला, आणि वासरू बाहेर आलं. नाळेला आयोडिन लावलं, वार पडेपर्यंत थांबलो. डॉक्टर हात धुताना म्हणाले, ‘गोठ्यात एवढा उजेड मला क्वचित मिळतो.’ मी तुमचं नाव सांगितलं. त्या आठवड्यात सूर्य जवळजवळ दिसला नव्हता, तरी दिवे सकाळपर्यंत चालले.

तात्या, मुंबईच्या कारखान्यात आयुष्यभर मोठमोठ्या मोटरी सांभाळलेल्या माणसाने आमच्या तीन गुरांच्या गोठ्यासाठी एवढा विचार करावा, पैसे विचारले तर रागावावं, आणि प्रत्येक गोष्ट आम्हाला स्वतःच्या हाताने करायला लावावी, याचं मोल मला करता येत नाही. आता बल्ब गेला तर मुलगी बदलते. काचेची कौलं दिवाळीनंतर आणि पुन्हा पावसाआधी सासूबाई स्वतः उभ्या राहून पुसून घेतात.

खालच्या वाडीतल्या वहिनींच्या गोठ्याचा हिशोब मुलीने वहीत मांडलाय. त्यांच्याकडे दोन म्हशी, दूध जास्त, त्यामुळे पहाटेचे तीन तास धरलेत. पॅनल शंभरचा लागेल असं तिचं म्हणणं आहे, पण माडांची सावली किती वाजेपर्यंत पडते ते तुम्ही येऊन बघितल्याशिवाय काही घ्यायचं नाही असं ठरलंय. गणपती झाले की एखाद्या सकाळी या. खरवस तुमच्यासाठी ठेवता आला नाही, पण तूप कढवलेलं आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
पऱ्यापलीकडच्या घरची सून