आधी टेप, मग पाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या आलिशान गाड्या स्वस्तात मिळतात म्हणून घेणाऱ्यांना ‘एअर सस्पेन्शनची गाडी घेऊच नका’ असा सल्ला आपल्या रविवारच्या अंकात छापून आला आहे. एअर सस्पेन्शन म्हणजे लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर तोललेली गाडी. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. ज्यांनी घेऊन ठेवली त्यांनी काय करायचे? आमच्याकडे अशी एक गाडी आहे, म्हणजे जावयाची आहे, आणि गेल्या पावसाळ्यात तिचे दुखणे शोधण्यात माझे तीन रविवार गेले.

गाडी २०१३ सालची, परदेशी बनावटीची, सात आसनांची, चारही चाकांना जोर जाणारी. नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नसून जुन्या नळ्यांचा आणि आपल्याकडच्या दमट हवेचा आहे. जावयाला घाट चढण्याची हौस. जुलैत एका सकाळी मानपाड्याला त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन पाहतो तर गाडी डबक्यातल्या म्हशीसारखी बसलेली, चाके मडगार्डमध्ये शिरलेली. इंजिन चालू केले की कण्हत कण्हत उठायची आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा. जावयाने फोटो काढून तुर्भ्याच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्याला पाठवला. फोटोवरूनच निदान आले : चारही फुगे आणि कॉम्प्रेसर, तीन लाख चाळीस हजार, मजुरी वेगळी. दुसऱ्या एकाने सांगितले की हवेची भानगडच काढून टाका, साध्या स्प्रिंगा बसवा. तसे करता येते, पण मग वर-खाली होणारी गाडी घेतली कशाला?

मी एकतीस वर्षे टेलिफोन खात्यात केबल जोडण्याचे काम केले. हे सांगतो याला कारण आहे. जमिनीखालच्या जुन्या केबलमध्ये तारांना कागदाचे वेष्टण आणि वर शिशाचे कवच असे. आत पाणी शिरू नये म्हणून आम्ही त्या केबलमध्ये कोरडी हवा दाबाने भरून ठेवत असू. एक्स्चेंजमध्ये कॉम्प्रेसर, त्याच्यापुढे सिलिका जेलचे डबे. दाणे निळे असले की ठीक, गुलाबी झाले की दमट. दाब उतरला की गळती शोधायची, चेंबरमध्ये उतरून सांध्याला साबणाचे पाणी लावायचे. जावयाने गाडीच्या सस्पेन्शनचा नकाशा मोबाइलवर दाखवला तेव्हा मला हसूच आले. कॉम्प्रेसर, हवा सुकवणारा डबा, टाकी, झडपांचे ठोकळे, नळ्या आणि टोकाला चार रबरी फुगे. आमचे सगळे बिऱ्हाड त्या गाडीखाली नांदत होते. नवीन काय ते एवढेच, की प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर आणि या सगळ्यावर हुकूम चालवणारा कंट्रोल युनिटचा डबा.

खात्यात १९८ या नंबरवर तक्रार यायची : फोन बंद. त्यावरून केबल तुटली, की डबी खराब, की घरातल्या उंदराने वायर कुरतडली, हे कळायचे नाही. गाडीचा फॉल्ट कोड, म्हणजे तिच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा सांकेतिक क्रमांक, तोही तसाच. आधी हे कोड वाचणारा, जावयाने मागवलेला साधा स्कॅनर लावला. त्याला इंजिनापलीकडचे काही वाचताच येत नव्हते, ‘सर्व ठीक’ म्हणून मोकळा झाला. मग वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या मेकॅनिककडून त्या बनावटीचा स्कॅनर आणला. त्याने सांगितले, दाब अपेक्षेपेक्षा हळू वाढतो आहे. गॅरेजवाल्याला विचारले तर म्हणाला, बघा, कॉम्प्रेसर गेला. अहो, बादलीला भोक असेल तर नळ कितीही चांगला असो, बादली हळूच भरणार!

म्हणून आधी टेप. रात्री दहाला सपाट जागी गाडी बंद करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजायचे. चारही चाके, मिलिमीटरमध्ये, कागदावर लिहून. सकाळी सहाला पुन्हा. पहिल्या रात्रीने आम्हाला चांगलेच फसवले. चारही कोपरे जवळजवळ सारखे, तीस-तीस मिलिमीटर खाली. जावई म्हणाले, “बाबा, म्हणजे चारही फुगे गेले. गॅरेजवाला बरोबर होता.” मीही गप्प बसलो. संध्याकाळी वाचताना उलगडा झाला. गाडी बंद असली तरी तो कंट्रोल युनिटचा डबा काही तासांनी जागा होतो, सगळ्यात खाली गेलेला कोपरा बघतो आणि बाकीच्या तिघांची हवा सोडून त्यांना त्याच्या रांगेत आणतो. आजारी एक, अंथरुणावर चौघे. दुसऱ्या रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला (कुठला ते गाडीच्या पुस्तिकेत असते). रात्रीतून कोण किती मिलिमीटर उतरले ते सकाळी कागदावर आले : पुढचे डावे ४१, बाकीची ३, ४ आणि २. हवा रात्री गार झाली की थोडी आकसतेच, दोन-चार मिलिमीटरसाठी कोणी घाबरू नये.

तीन लाख चाळीस हजारांतले निम्म्याहून अधिक तिथेच गळून पडले. ही एक रात्र त्या गॅरेजवाल्यालाही परवडली असती.

एकच कोपरा उतरला तर त्याचा फुगा किंवा त्याच्या नळीचे सांधे पाहावेत. एकाच बाजूची जोडी, पुढची किंवा मागची, एकत्र उतरली तर झडपांच्या ठोकळ्यावर संशय घ्यावा. आणि रात्रभर शाबूत राहून इंजिन चालू असताना गाडी वाकडी होत असेल तर ती गळती नव्हे, सेन्सर किंवा त्याचा गंजलेला दांडा. बॅटरीही तपासा. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. ती बारापर्यंत उतरली की या गाड्या नाही नाही ते दिवे लावतात.

मग साबणपाणी. भांड्यांचा लिक्विड साबण, पाणी, फवाऱ्याची बाटली. फुग्याच्या घड्या उलगडाव्यात म्हणून गाडी सर्वांत वरच्या उंचीला न्यायची, कारण रबराच्या चिरा घडीत लपतात. आम्ही बटण दाबले तर गाडी हलेना. पाऊण तास कॉम्प्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा रिले बदल, फ्यूज बघ. शेवटी नातीने दार लावले आणि गाडी उठली. दार उघडे असताना ती उंची बदलत नाही! कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू यावा म्हणून आम्ही दार उघडे ठेवले होते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, चाक आणि मडगार्डच्या फटीत हात किंवा डोके घालू नये. इंजिन बंद असले तरी गाडी कधीही खाली येऊ शकते. आधी चासीखाली लोखंडी स्टँड लावा, मग फ्यूज काढा, मगच वाका. शेजारचा कॉलेजातला मुलगा मोबाइलचा टॉर्च घेऊन सरळ मडगार्डमध्ये डोकावला होता, त्याला मी कॉलर धरून मागे ओढला. आणि नळी सोडवण्याचा मोह घरी करू नये. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाब असतो, या टाकीत दहाच्याही वर. निदान घरी, पाना मेकॅनिकच्या हाती.

फुगा कोरडा निघाला. वरचा सांधाही. माझा चेहरा पडला. सौ. म्हणाल्या, जावयाच्या गाडीखाली लोळताय, निदान कपडे तरी जुने घाला. त्यातच सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकले की पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे. साबणपाण्याने पार्किंग घाण होते म्हणे, आणि तिथेच रोज चाळीस गाड्या धुतल्या जातात. तिसऱ्या रविवारी पुढच्या बंपरमागे झडपांच्या ठोकळ्यापर्यंत फवारा पोचवला. डाव्या नळीच्या मुळाशी, आंबलेल्या इडलीच्या पिठाला येतात तसे बारीक बुडबुडे हळूहळू वर येऊ लागले. चेंबरमध्ये कितीदा पाहिले होते ते दृश्य, तरी जावयाला हाक मारताना आवाज चढलाच.

वागळे इस्टेटच्या त्या मेकॅनिकने स्कॅनरने हवा सोडली, नळीचे ओरखडलेले टोक काही मिलिमीटर सरळ कापले, नवीन फिटिंग बसवले. सुकवणाऱ्या डब्यातल्या दाण्यांचा चुरा झाला होता, तेही बदलले. गळतीमुळे कॉम्प्रेसर सारखा चालायचा, म्हणून त्याचा रिलेही. एकूण ४६०० रुपये. कॉम्प्रेसर तोच आहे. दाणे मात्र मी आधीच बघायला हवे होते. पावसाळ्यात ठाण्याची हवा ओढायची आणि ती सुकवायला मूठभर दाणे, ते किती दिवस टिकणार? ते गेले की ओल झडपांपर्यंत पोचते, आणि ठोकळ्याचे काम खरोखर महागडे.

आता मुद्द्याचे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ताब्यातली गाडी कोणी, कशासाठी, किती किलोमीटर फिरवली याची इलेक्ट्रॉनिक नोंद विक्रेत्याने ठेवायची आहे. चांगलेच आहे. मग हवेवरच्या गाडीसोबत रात्रीच्या आणि सकाळच्या आठ आकड्यांचा एक कागदही त्याने द्यावा. खर्च शून्य. जावयाने ही गाडी नवी मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून घेतली तेव्हा ती तासभर आधीपासून इंजिन चालू ठेवून उभी होती. आम्हाला वाटले एसी लावून ठेवलाय, काय आदरातिथ्य! गॅरेजवाल्यांनीही अंदाजपत्रकावर काय मोजले ते लिहावे. आपल्या वाहन पुरवणीने हा आठ आकड्यांचा तक्ता एकदा छापला तर लोक कापून गाडीत ठेवतील.

आमचा कागद जावयाने गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे. परवा पुन्हा टेप लावली. पुढचे डावे ३. मागचे उजवे मात्र ९, जुलैत ते ४ होते. बाटलीत साबणपाणी भरून ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर
नौपाडा, ठाणे (प.)