इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडमना, लातूरच्या आयसीयूतून

मॅडम नमस्कार,

व्हॉट्सअपवर थँक्यू टाकलं होतं आणि तुम्ही अंगठा पण पाठवला, पण तेवढ्यानं भागंना म्हणून हे सगळ्यांसमोर लिहायलोय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही ते माहिताय. लातूरच्या एका साध्या प्रायव्हेट दवाखान्यातला आयसीयूचा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स मी, आणि संभाजीनगरहून एसटीनं येऊन, दवाखान्यात पेशंटला नवं इन्फेक्शन होऊ नये म्हणून तुम्ही आम्हाला जे शिकवून गेलात त्याचे हे आभार आमच्या सगळ्या स्टाफकडून समजा.

ट्रेनिंग म्हणलं की आमच्याकडं काय असतंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. हॉल, पडद्यावर इंग्रजी स्लाइड, नाईट करून आलेल्या सिस्टर मागं डुलक्या घ्यायल्यात, मग समोसा, चहा, रजिस्टरला सह्या, झालं. तुम्ही आल्या आल्या विचारलं, मावशी आणि मामा कुठंयत? आम्ही म्हणलो ते खाली कामात आहेत, त्यांना काय कळणार यातलं. तर तुम्ही म्हणलात, पेशंटला सीटी स्कॅनला कोण नेतंय मग?

मामाच नेतेत. आणि नेताना युरोबॅग (लघवीची पिशवी) उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतेत, कारण खाली लोंबली की स्ट्रेचरच्या चाकात अडकती. इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यादेखत चाललं होतं हे, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्ही मामांवर रागावला नाहीत. नवीन बॅग फोडून त्यात रंगाचं पाणी भरलं, नळी वर धरली आणि दाखवलं. आमच्यातला एकजण म्हणला बॅगेला व्हॉल्व असतोय की, तर तुम्ही बोट ठेवलंत नळीवर, व्हॉल्व बॅगेच्या तोंडाशी आहे, नळीत साचलेली लघवी कोण अडवणार? ती सरळ पेशंटमध्ये परत. नेण्याआधी बॅग रिकामी करायची, बॅग कायम मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला टेकू द्यायची नाही, आणि नळीचा जोड उगीच उघडायचा नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतःच जाड तार वाकवून स्ट्रेचरच्या बाजूला हूक केला, आता बॅग तिथं अडकवतेत, चाकाचा प्रश्नच मिटला. सगळ्या स्ट्रेचरला केलाय तसा, फोटो पाठवतो.

हात धुण्याचं तर विचारूच नका. ग्लोव्हज घालून त्यावर कपड्याला घालायची नीळ टाकायची, डोळे मिटायचे आणि रोज धुतो तसे हात चोळायचे. डोळे उघडल्यावर आमच्या रेसिडेंट डॉक्टरांचे दोन्ही अंगठे आणि बोटांची टोकं पांढरीच्या पांढरी, आणि सफाईच्या मावशीचा हात मनगटापर्यंत निळाभोर. मावशी म्हणल्या, "भांडे घासून घासून सवय हाय ओ." सगळे हसले, डॉक्टर पण हसले. पण त्या दिवसापासून अंगठा कुणी विसरंना.

आणि पाण्याचं तुम्ही बोललात ते मला लई पटलं. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं उन्हाळ्यात बेसिनच्या नळाला पाणी नाही म्हणून हात धुतले नाहीत, हे कारण कुणीपण ऐकून घेतंय. तुम्ही नाही घेतलं. हात दिसायला घाण नसतील तर हँडरबनं, म्हणजे हाताला चोळायच्या सॅनिटायझरनं, 20 ते 30 सेकंद, रक्त किंवा घाण लागली असेल तर साबण आणि पाणी, ते 40 ते 60 सेकंद. म्हणजे बाटली बेडपाशी पाहिजे, कपाटात कुलपात नाही. आमच्या स्टोअरवाल्यांना ते पटवायला तुम्हालाच बोलावं लागलं, आम्ही म्हणलो असतो तर "संपती लवकर" हेच उत्तर आलं असतं.

आता मेन गोष्टीवर येतो, सेंट्रल लाइन, म्हणजे औषधासाठी मोठ्या शिरेत टाकायची नळी (कॅथेटर). आमच्याकडं कसल्या केसेस येतेत तुम्ही बघितलंच, फवारणीच्या औषधाची विषबाधा, साप चावलेले, सेप्सिसमधले म्हातारे, आणि सगळे रात्रीच. घाईत जांघेत लाइन पडती, गाऊन नाही, मोठा ड्रेप (अंगावर टाकायची निर्जंतुक चादर) नाही, आणि सकाळी सगळे विसरतेत की ही लाइन कशी टाकली होती. तुम्ही सांगितलंत अशी घाईतली लाइन 48 तासांच्या आत बदलायची, म्हणून पुढच्या ड्युटीला ओव्हर देताना आता लाल पेननं लिहितो. बाकी पाच गोष्टी तर आता मावशीलापण पाठ आहेत. हात स्वच्छ, टोपी मास्क गाऊन ग्लोव्हज आणि डोक्यापासून पायापर्यंत ड्रेप, कातडीला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक (आणि ते वाळू द्यायचं, ओल्यातच सुई घालायची नाही, ही घाई आमच्याकडं सगळ्यात जास्त), जमेल तिथं जांघ टाळायची, आणि गरज संपली की लाइन काढून टाकायची.

यात नवीन काय, असं आमचे एक सिनियर सर म्हणलेच होते. तेव्हा तुम्ही मिशिगनचं सांगितलं, ते मी नंतर स्वतः वाचलं. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी 2001 साली अशीच पाच कामं एका कागदावर लिहिली, आणि आधी सिस्टरना फक्त बघायला सांगितलं की डॉक्टर यातलं काय काय करतेत. एक तृतीयांशापेक्षा जास्त पेशंटमध्ये एक तरी गोष्ट सुटत होती, आणि ते पण हॉपकिन्ससारख्या ठिकाणी! मग अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यातल्या शंभराच्या वर आयसीयूत वरची पाच कामं लावून धरली, 2006 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं, लाइनमुळं रक्तात होणाऱ्या इन्फेक्शनचा हजार कॅथेटर दिवसांमागं 2.7 हा मधला आकडा तीन महिन्यांत शून्यावर आला, आणि दीड वर्ष झालं तरी तिथंच राहिला. कॅथेटर दिवस म्हणजे काय हे पण आम्हाला तुमच्यामुळंच कळलं, रोज ठरल्या वेळेला किती पेशंटला लाइन आहे ते मोजायचं आणि महिन्याची बेरीज करायची, याला ना कम्प्युटर लागतो ना काही. आमच्या भिंतीवर आता तो तक्ता आहे.

पण माझ्या मते तिथं कागदानं काम केलं नाही, सिस्टरला थांबवायचा अधिकार दिला त्यानं केलं. आणि तुमचे खरे आभार मला यासाठीच मानायचेत. ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधीच तुम्ही मोठ्या सरांच्या केबिनमध्ये जाऊन बसलात आणि त्यांच्या सहीनं लिहून घेतलंत, की इमर्जन्सी सोडून कुठलीही लाइन टाकताना स्टेप सुटली तर सिस्टर किंवा ब्रदर थांबवणार, आणि त्यावरून कुणी त्यांना बोलायचं नाही. ते पत्र लॅमिनेट करून ट्रॉलीला लावलंय, त्याच ट्रॉलीत गाऊन, ड्रेप, क्लोरहेक्झिडिन सगळं एका जागी असतंय. मॅडम, आमच्याकडं कालची पोरगी जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) करून आलेली, ती पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरला "सर थांबा" म्हणती, हे कुणाला खरं वाटलं असतं का? परवा म्हणली, बारीक आवाजात, पण म्हणली. ते सिनियर सर अजून कुरकुर करतेत, "आता पोरी शिकवणार आम्हाला" म्हणतेत, पण थांबतेत.

हब घासायचं राहिलं सांगायचं. इंजेक्शन देताना थ्री-वेचं, म्हणजे लाइनला औषध जोडायच्या तोटीचं, तोंड (हब) स्पिरिट स्वॅबनं 15 सेकंद घासायचं, मोठ्यानं मोजत. सुरुवातीला नातेवाईक विचारायचे हे आकडे काय म्हणतेत. आता एका पेशंटची सून स्वतःच बाहेरून काचेतून बोटं मोजती.

आणि ते राऊंडमधलं "आज हिची गरज आहे का?" हे विचारणं. फोलीजच्या, म्हणजे लघवीच्या नळीच्या बाबतीत आमचीच सोय आड येती, काढली की चादरी बदला. पण एकेक दिवस राहिली की लघवीत जंतू यायचा धोका 3 ते 7 टक्क्यांनी वाढतो हे ऐकल्यावर इन्चार्ज सिस्टर रोज सकाळी त्याच्याच मागं असतेत. एक इन्फेक्शन म्हणजे आयसीयूचा मुक्काम वाढला, भारीची अँटिबायोटिक्स आली, आणि बिल भरायला सोयाबीनचे आलेले पैसे गेले, ते बाहेर बसलेले लोक आम्ही रोज बघतो.

आता एक काम आहे. दिवाळीनंतर चार नवीन मुली जॉइन झाल्यात आणि नाईटचा स्टाफ तुमच्या ट्रेनिंगला अर्धाच होता. पुढच्या वेळी संध्याकाळची गाडी धरून या, रात्री नऊनंतर आयसीयूतच घेऊ. जेवणाचं बघायचं काम मावशींनी आधीच अंगावर घेतलंय, भाकरी आणि शेंगाची चटणी. नीळ आम्ही आणून ठेवतो.

तुमचा,
आयसीयूचा ब्रदर, लातूर