काका, ते पाणी गोडं होतं

प्रिय प्लंबर काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी सकाळी साडेसहाला तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात. आभार मानायला मला तेव्हा काही सुचलंच नाही. तुम्ही चहाचा कप विसळून ओट्यावर ठेवलात, डब्याची पिशवी उचललीत आणि मी दार लावेपर्यंत खाली पोचलातसुद्धा. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. तुमच्या मुलाला सांगा वाचून दाखवायला.

खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ही माझी फार जुनी हौस. लहानपणी वडील ठाण्याहून लोकलने आम्हाला चर्नी रोडला न्यायचे, १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय बघायला. मी काचेला नाक लावून उभा राहायचो आणि शेवटी वडील दंडाला धरून बाहेर काढायचे. आता पन्नाशीत, नेरुळच्या घरात ती हौस पुरी करायचं ठरवलं. चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी, पाइपांसाठी भोकं पाडून आणलेली, आणि खालच्या कपाटात संप, म्हणजे पंपाने पाणी परत वर चढवणारी दुसरी टाकी. खरे प्रवाळ ठेवायचेच नव्हते, ते कायद्याने संरक्षित आहेत. दोन क्लाउनफिश, दोन कोळंब्या, थोड्या गोगलगाई, एवढंच स्वप्न होतं.

त्या स्वप्नाचं टाकी बसवायला आलेल्या तिघांनी काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पहिल्याने सगळे पैसे आधी घेतले. वर पाणी सोडणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीत खोलवर बुडवून ठेवलं आणि मी शंका काढली तर म्हणाला, "साहेब, एनआरव्ही लावलाय, टेन्शन नका घेऊ." म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. घरात कोणी नव्हतं. पंप थांबला, मिठाचा कण की गोगलगाय काय ते अडकून व्हॉल्व्ह उघडाच राहिला, आणि टाकीतलं पाणी त्याच पाइपाने उलटं खाली आलं. संप भरला, कपाट भरलं, हॉल भरला आणि मग खालच्या काकूंच्या छतातून ठिबकायला लागलं. त्याला फोन केला तर म्हणे, "लाइट गेली त्याला मी काय करणार?" पुढे फोन उचलणंच बंद. दुसऱ्याने प्रत्येक जोडावर बोटभर सिलिकॉन थापलं, "आता भूकंप आला तरी हलणार नाही" म्हणाला, आणि चौथ्या दिवशी त्या सिलिकॉनच्या कडेने मिठाची पांढरी पापडी धरली. तिसऱ्याने तर हातही लावला नाही. ही टाकी काढा आणि माझ्याकडून लहान घ्या, एवढंच त्याचं म्हणणं.

पैसे गेल्याचं मी विसरेन. पण काकू जिन्यात भेटल्या की मान वळवायच्या, ते फार लागायचं. त्यांच्या बेडरूमच्या छतावर हातभर पिवळट डाग पडला होता आणि तो माझ्यामुळे पडला होता.

तुम्ही आलात ते सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक बदलायला. मी तुम्हाला जिन्यातच गाठलं. तुम्ही कपाटापुढे उकिडवे बसून बराच वेळ नुसतं बघत राहिलात आणि म्हणालात, "माशांतलं मला काही कळत नाही. पाणी कुठून येतं नि कुठं जातं तेवढं सांगा." मग विचारलंत, "लाइट गेल्यावर खाली किती येणार?"

काका, त्या तिघांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. आपण दोघांनी बसून हिशेब केला. १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की ७.२ लिटर. पाइपाचं तोंड १५ सेंटिमीटर खोल, म्हणजे १०८ लिटर. संपात जागा होती जेमतेम चाळीसची. तुम्ही कागदावरच्या आकड्याकडे बघितलंत, मग फरशीकडे, आणि काहीच बोलला नाहीत. रागावला असतात तरी चाललं असतं.

पुढच्या दोन दिवसांचं सगळं इथे लिहीत बसत नाही. पाइपाचं तोंड तुम्ही पाण्याच्या पातळीपर्यंत वर घेतलंत, हवा शिरून ओढ तुटावी म्हणून पातळीला लागूनच एक बारीक भोक पाडलंत, आणि स्वतः जाऊन तीनदा मेन स्विच पाडलात. तिन्ही वेळा पाणी संपात कुठवर चढतं त्याची मार्करने रेघ मारलीत. टँक निपल, म्हणजे काचेच्या भोकात बसणारा पाइपाचा जोड, बसवताना पान्याला हात लावला नाहीत, "काच आहे, हाताने बसेल तेवढंच." तांबं कोळंब्यांना मारतं, हे मी एकदाच सांगितलं. "पितळेत तांबं असतंच की," म्हणालात, आणि पहिल्याने लावलेले पितळी व्हॉल्व्ह तर काढलेतच, तुमच्या पिशवीतला नवाकोरा पितळी जोडही बाजूला ठेवून प्लास्टिकचा आणायला भर उन्हात गेलात. आधी नळाच्या पाण्याने टाकी भरून बघितली. मग मीठ आलं, लिटरला ३५ ग्रॅम. जाताना तुम्ही प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवलीत.

बुधवारी रात्री अकराला मी कपाट उघडलं तर एका घडीवर ओला डाग. माझे हात थरथरायला लागले. तुम्हाला फोन लावताना मनात तेच, उचलणार नाहीत. दुसऱ्या रिंगला उचललात.

"केवढा आहे?"

"रुपयाएवढा."

"मग झोपा. पंप बंद करू नका. सकाळी कामावर जाताना येतो."

आणि आलात. कपाटापुढे बसलात, बोट पँटला पुसलंत, डागावर टेकवलंत आणि जिभेवर ठेवलंत. क्षणभर डोळे मिटलेत. मग तेच बोट संपात बुडवून चाखलंत. "हे खारं. कागदावरचं गोडं." मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात तुम्ही घडी उचलून माझ्यापुढे धरलीत. "तुम्ही पण बघा. माझ्या सांगण्यावर नको."

मी चाखलं. कागदाची शाई लागली, थोडी धूळ लागली, मीठ नव्हतं. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून टाकीत रोज थोडं आरओचं गोडं पाणी पडत असतं. त्याच्या बारक्या नळीचा जोड सैल होता. तुम्ही तो दाबून बसवलात, दहा सेकंदांचं काम. घडी वाळत ठेवायला सांगितलीत. पांढरं उमटलं तर फोन करा, म्हणालात. उमटलं नाही.

पण मला आठवत राहतो तो तुमचा पुढे केलेला हात. इतक्या महिन्यांत सगळे मला "विश्वास ठेवा" म्हणत आले होते, आणि मी ठेवत आलो होतो. तुम्ही पहिले, ज्यांनी मला स्वतःला कळावं असं बघितलंत. हुशार कारागीर या शहरात खूप आहेत, मोठमोठे टॉवर त्यांनीच उभे केलेत. पण येत नसेल ते येत नाही म्हणणारा, रात्री अकराला फोन उचलणारा, गिऱ्हाइकाला कपाटापुढे आपल्या शेजारी बसवून घेणारा माणूस भेटला की छाती भरून येते. माझ्या वडिलांच्या ओळखीत अशी बरीच माणसं होती. ती आता उरली नाहीत, असं मी घरात उगाच म्हणत असे. बायकोने परवा मला त्याची आठवण करून दिली.

त्या सकाळच्या खेपेचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते मी लक्षात ठेवलं आहे, पुढच्या कामात धरून घ्या.

आणि काम आहे. काल खालच्या काकूंनी बेडरूमचं छत रंगवायला घेतलं. मला बोलावून दाखवलं, चहा दिला आणि तुमचा नंबर मागितला. मी दिलाय. त्यांच्या मोरीतला नळ कधीपासून गळतोय, आणि त्यांना तुम्हीच हवे आहात.

तुमचा,
नेरुळचा टाकीवाला