वशिला शिरतो कंत्राटी भरतीत

महोदय,

सरळसेवा भरतीत लेखी परीक्षा तरी असते. वशिल्याला मोकळी वाट मिळते ती सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटी पदांत. जाहिरात शुक्रवारी, मुदत सोमवारी दुपारपर्यंत आणि अट ‘याच खात्यातील अनुभव’ असली, की माणूस आधीच ठरलाय असं खुशाल समजावं! मुलाखतीचे गुण पेन्सिलीने लिहिले की खाडाखोडही सोपी. मुंबई महापालिकेने निवड समितीच्या प्रत्येक सदस्याला अर्जदारांची यादी दाखवून ‘यांत माझा नातेवाईक नाही’ असं लेखी घ्यावं. नातं निघालं तर त्याने समितीतून उठावं. सदस्यनिहाय गुण त्याच दिवशी, सहीसह संकेतस्थळावर यावेत. तोवर डावललेल्या उमेदवारांनी माहिती अधिकार कायदा, २००५ खाली गुणतक्ता आणि समितीचं इतिवृत्त मागावं. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही मिळालं तर पहिलं अपील.

— एक वाचक, परळ